सत्तावन्न नंबरचा हिस्सा

...तर आता तुमीच सांगा, एक कागद! एकच कागद! अन त्याच्यापायी मला भर दुपारी, साऱ्या तांड्यादेखत, एका शेळीची विनवणी करावी लागली! हसू नका. आधी ऐका, मंग हसा. मी तरी हसायचं काय ठेवलंय म्हणा, आयुष्यभर दुसऱ्यालाच हसत आलो...

तुमाला सांगतो, सारा घोळ केला आमच्या पुजानं. पुजा म्हणजे माझी नात. नांदेडला शिकून राहिली. काय शिकून राहिली ते मला इचारू नका, मी चौथीतून पळालेला माणूस, त्यातही दोनदा धरून आणलेला. ती दिवाळीला आली अन संगं आणला कागदाचा गठ्ठा. दोन्ही कडांना भोकं पाडलेला, एकाला एक जोडलेला, उलगडला तं सेनगावपर्यंत जाईल इतका लांब. म्हणाली, "आजा, सोमवारी धा वाजता सरांना दाखवायचं हाय. न्हाई दाखवलं तं माझं वर्ष गेलं." पंधरा दिवस लाल पेनानं खुणा करून राहिली पोरगी. चहा थंड, जेवण थंड. आमची रूपाबाई म्हणाली, "लेकराचे डोळे जातील, तुमी नुसते बसलात तं तिला आकडे तरी वाचून द्या!"

वाचले! काय वाचले इचारा. "हिस सत्तावन्न. सेर एकशे पंच्याण्णव. अंतर तीन." खाली, "गाय एकशे त्र्याण्णव." पुजा म्हणाली, "गाय न्हाई आजा, ग्लाय." मी म्हणलं, तुझी ग्लाय, आमची गाय, दूध सारखंच! मंग, "ट्रिप दोनशे पंधरा." आता ट्रिप मला समजते. सेनगाव-हिंगोली जीपवाला दिवसाला आठ मारतो, ह्यानं दोनशे पंधरा काहून मारल्या?

मंग तिनं समजावलं. म्हणे आपल्या पोटात एक प्रोटीन असतंय, त्याची असती साखळी, साखळीत असतात मणी, अन ही सगळी त्या मण्यांची नावं. साखळी सरळ राहत न्हाई, गुंडाळी होऊन बसती. मंग सत्तावन्नावा मणी अन एकशे पंच्याण्णवावा, एवढे लांबचे, पण गुंडाळीत येतात मांडीला मांडी लावून. साडेचारच्या आत आले की संपर्क! मी म्हणलं, साडेचार काय? हात? फूट? म्हणे, "एका सेंटीमीटरचे धा कोटी तुकडे कर, त्यातले साडेचार." घ्या! आमच्याकडं एका बांधाचे दोन तुकडे झाले तं कोर्टात जातात!

"अन शेजारशेजारचे मणी?" मी इचारलं. "ते आमी मोजत न्हाई. ते जवळ असणारच, त्यात काय शोधायचं?" हे ध्यानात ठेवा. शेजारी मोजत न्हाईत! पुढं कामाला येणार हाय.

कारण आता येतो माझा शेजारी. थावरा. त्याच्या घराला ग्रामपंचायतीची पत्र्याची पाटी, नंबर सत्तावन्न. माझ्या घराला अठ्ठावन्न. मधात एकच भिंत. ब्याण्णव साली त्यानं ती भिंत बांधली, अन मी म्हणतो एक हात माझ्यात घुसवली, तो म्हणतो एक हात कमी घेतली. तवापासून बोलणं बंद. अकरा वर्षं! तो इकडं शिंकला तं मी तिकडं नाक पुसतो, इतकं जवळ, पण शब्द न्हाई. साडेचारच्या आत, अन संपर्क शून्य!

अन इथं मी माझ्या हातानं माझं वाटोळं केलं. झालं काय, रामसिंग आला. रामसिंग म्हणजे आमच्या तांड्याचा रेडिओ, फक्त बॅटरी लागत न्हाई. खाली बसला, कागद बघितला, "भाऊ, हे काय?" आता माणसानं खरं सांगावं का न्हाई? पण माझी जीभ! मी तोंड एवढंसं केलं अन म्हणलं, "हळू बोल. नवीन मोजणी हाय. हिस म्हणजे हिस्सा. हे बघ, हिस सत्तावन्न, अंतर तीन."

"तीन काय?"

"तीन हात."

बस! एवढंच. रामसिंगनं चहा अर्धा सोडला! आयुष्यात पैल्यांदा! मी पोट धरून हसून राहिलो, रूपाबाई म्हणाली, "तुमचं हसणं एक दिवस घराला लागंल." तुमाला सांगतो, बायको बराबर असती हे कळायला माणसाला म्हातारं व्हावं लागतंय.

शनवारी मी भाजीला कनेरगाव नाक्यावर गेलो, पुजा मायसंगं कापसात, रूपाबाई डोळा लावून पडलेली. परत येतो तं पुजा बाजंवर बसून रडून राहिली. गठ्ठ्यातला एक कागद गायब! दोन्हीकडून बराबर रेघंवर फाडलेला. अन कोणता? सत्तावन्नचा! म्हणे साऱ्या गठ्ठ्यात मोलाचा तोच, त्याच जोडीवर सारं काम. "दुसरा काढ की मशीनवर!" तं म्हणे मशीनवर नंबर आठ दिवसांनी लागतो, अन लाल खुणा काय मशीन करणार हाय का?

तेवढ्यात रामसिंग धापा टाकत. "भाऊ! थावराकाका सोमवारी हिंगोलीला चालला! मोजणीवाल्या सायबाकडं! कागद हाय म्हणतो त्याच्याजवळ! तुझ्या घरात त्याचे तीन हात निघाले!"

तीन हात! म्हणजे आमची चूल गेली, अन रूपाबाईची मांडणी अर्धी! मी घाईघाईनं उरलेल्या कागदात माझा नंबर बघितला. अठ्ठावन्न. पुढं काय लिहिलेलं? "सिस." त्याला हिस्सा अन मला शिसपेन्सिल!

आता कागद आणायचा कसा? बोलणं बंद! अकरा वर्षाचं वजन हाय त्याला, ते काय कागदासाठी मोडायचं? पण पोरगी रडून राहिली. ऐतवारी दुपारी गेलो. थावरा वट्ट्यावर, पागोटं बांधून, हातात कागद, पायाशी त्याची काळी शेळी. मी शेळीसमोर उकिडवा बसलो.

"शेळीबाई, तुझ्या मालकाला सांग, कागद दे."

थावरा शेळीकडं बघून, "ए शेळे, त्या म्हाताऱ्याला सांग, चूल उचल."

"शेळीबाई, त्याला सांग, ते जमिनीचं न्हाई, पोटातलं हाय!"

"शेळे, त्याला म्हणावं, जमीन पोटात घालायची सवय त्यालाच!"

लोकं जमली. शेळी बिचारी एकदा इकडं, एकदा तिकडं. शेवटी कंटाळली, अन कागदाकडं मान लांब केली! पुजा पळत आली, "थावराआजा, कागद वर धरा!" धरला बाबा त्यानं. अन पुजानं काय करावं? सरळ त्याचं पागोटं उतरवलं! तांडा गार! आत टक्कल! अकरा वर्षांत एवढी मोठी बातमी भिंतीपलीकडं झाली अन मला पत्ता न्हाई!

तिनं पागोटं अंगणभर पसरलं. लाल पेनानं एक टिकली इथं, एक तिकडं लांब. "ही सत्तावन्न, ही एकशे पंच्याण्णव. लांब हायेत ना?" मंग गुंडाळलं त्याच्याच डोक्याला. टिकलीवर टिकली! "तुमी मटण खाता ना आजा? ते पोटात कापायचं काम ह्या दोघांचं. एकमेकांजवळ आले तरच कापतात. हा कागद न्हाई दिला तं माझं वर्ष जाईल."

थावरानं डोक्याला हात लावून बघितलं. मंग कागद दिला तिच्या हातात, घडी न पाडता. खरं सांगतो, माणूस वाईट न्हाई, भिंत वाईट हाय.

देता देता इचारलं, "पोरी, सत्तावन्न अन अठ्ठावन्न, त्यांचं अंतर कुठं लिहिलंय?"

"ते लिहीत न्हाईत आजा. शेजारी मोजत न्हाईत."

"काहून?"

तुमाला सांगतो, हे "काहून" एकट्या थावराचं न्हवतं. माझ्याही तोंडातून गेलं, एकदम, एका सुरात! दोघंही एकमेकाकडं बघतच राहिलो. शेळी सुटली.

पुजा सोमवारच्या पैल्या जीपनं गेली. सर खूश झाले म्हणे. मोजणीबिजणी काही झाली न्हाई, चूल जागेवर हाय, भिंतही जागेवर हाय.

फक्त थावरा जागेवर न्हाई. रोज सकाळी माझ्या वट्ट्यावर येतो, साडेचारच्या आत बसतो, अन माझ्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेतो. मी म्हणलं, "हे काय रे?"

तर पत्र्याच्या पाटीकडं बोट दाखवून म्हणतो, "हिस सत्तावन्न!"

आता बोला. शिकवलं कोणी? म्याच!