डचेसचं डोहाळजेवण

क्षितिज: आई, तो हार खाली ठेव. आधी ऐक. डचेस मेल आहे, नर.

सुप्रभा: कोण म्हणतं?

क्षितिज: ग्लासगोचा तो अजगरांचा ब्रीडर. त्याला ड्यूक आणि डचेसचा व्हिडिओ पाठवला. म्हणतो, हे रोमान्स नाहीये, फाइट आहे. ब्रीडिंग सीझनमध्ये दोन मेल्स असे गुंडाळून एकमेकांचं डोकं खाली दाबतात.

सुप्रभा: आणि मला हाक मारून काय सांगितलंस? ‘लवकर ये, दे आर सो इन लव्ह!’ मी हात जोडले रे त्यांना!

क्षितिज: तू गायनॅकॉलॉजिस्ट आहेस! तुला कळायला पाहिजे होतं.

सुप्रभा: कॉव्हेंट्रीत आयुष्यभर बाळंतपणं केली, त्यात अजगर एकही नव्हता. आणि उंदीर खात नाही म्हणजे दिवस गेलेत, हे तुझंच निदान.

क्षितिज: सीझनमध्ये मेल पण खाणं सोडतात. मला नव्हतं माहीत. म्हणून तर ड्यूक पण उपाशी आहे. आता दोघांना वेगळ्या रूममध्ये ठेवायचं. ड्यूक माझ्याकडे. डचेस... तुझ्या बेडरूममध्ये?

सुप्रभा: ठेव. पण साडेचारला खाली आण.

क्षितिज: कशाला? डोहाळजेवण कॅन्सल ना! सगळ्यांना मेसेज टाक.

सुप्रभा: मसालेभात झालाय. अनुराधा फुलांची वाडी करून आणतेय. कंबरपट्टा नक्की कुठे बांधायचा, म्हणून काल फोनवर डोकं खाल्लं तिने माझं.

क्षितिज: आई, तो प्रेग्नंट नाहीये! होऊच शकत नाही!

सुप्रभा: कळलं मला. हळू बोल.

क्षितिज: तरी एका मेल सापाची ओटी भरणार तुम्ही लोक? व्हाय?

सुप्रभा: तुझे बाबा गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मीनलच्या डोहाळजेवणाला बोलावलं, पण ओटी भरायची वेळ आली तशी मला किचनमध्ये चहा बघायला पाठवलं. तिची आधीची मुलगी माझ्या हातात जन्मली, क्षितिज. फार लागलं मला ते.

क्षितिज: तू कधी बोलली नाहीस.

सुप्रभा: काय बोलायचं? सापाचं करतेय म्हटल्यावर सगळ्या खो खो हसल्या आणि येते म्हणाल्या. सापाच्या ओटीला मला कोण अडवणार?

(क्षितिज हार उचलतो.)

क्षितिज: पहिली ओटी तू भर. मी डचेसला धरतो.