जिवलीला कोणी पळवलेले नाही

शहापूर पोलीस ठाणे. ता. १२ डिसेंबर १९३८.

गुणाबाई, भ्रतार मयत देवजी वेखंडे, वय अंदाजे पन्नास, धंदा शेती, राहणार किन्हवली, तालुका शहापूर. ठाण्यात हजर राहून, फौजदारसाहेबांनी विचारल्यावरून, खरे ते सांगते की:

मी वरील ठिकाणी राहते. मला एकच मुलगा होता, अनंता. तो गेल्या साली आषाढात तापाने वारला. त्याची बायको जिवली, वय वीस-एकवीस, माझ्याजवळ राहते. ती मला आत्या म्हणते. तिचे माहेर मुरबाड तालुक्यात असून तिला गणू नावाचा एक भाऊ आहे. मी जिवलीला फूस लावून पळवले, हिरव्या बांगड्या भरून तिला कोणाला तरी विकले, अशी फिर्याद गणूने दिली आहे. ती मला वाचून दाखवली. ती खरी नाही.

अनंता आधी तानसा तलावावरच्या बागेत माळीकाम करी. पुढे माथेरानला एका शेटच्या बंगल्यावर बागेचे काम मिळाले. पावसाळ्यात बंगले बंद झाले की लावणीला घरी येई. आला की तिकडच्या गोष्टी जिवलीला सांगे. डोंगराच्या माथ्यावर मोठे तळे आहे, असे तो म्हणे. जिवलीला ते पटत नसे. ती म्हणे, "डोंगरावर पाणी ऱ्हाईल कसं? खाली वाहून नाय जानार?" तो म्हणे, "दिवाळी होऊं दे, तुला दावतोच." ती दिवाळी आली तेव्हा तो नव्हता.

तो गेल्यावर जिवली रडली नाही. लावणी केली, कापणी केली, झोडणी केली. कामात कुचराई केली नाही. विचारले तेवढ्याला उत्तर देई. घरात आम्ही दोघीच.

यंदा भात झोडून झाल्यावर गणू आला. मुरबाडकडे धोंडी म्हणून एक माणूस आहे, त्याची बायको बाळंतपणात गेली, त्याच्याशी जिवलीचा पाट लावायचा ठरवला आहे, असे त्याने सांगितले. आमच्यात विधवेचा पाट लावतात. मी हरकत घेतली नाही. जिवलीला विचारले. ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." गणू न्यायला येतो म्हणून सांगून गेला.

तो गेल्यावर मी जिवलीला म्हणाले, "तू जानार त्याआधी अनंत्यानं सांगितलेलं तळं बघून येऊं." सकाळी उठून पाहिले तर तिने भाकऱ्या भाजून फडक्यात बांधल्या होत्या.

शेजारणीला फक्त बैलाला पेंढा टाक एवढे सांगितले. कुठे जातो ते सांगितले नाही. फौजदारसाहेबांनी, का सांगितले नाही, असे विचारले. दोन विधवा बाया हवा खायला निघाल्या म्हटल्यावर लोक काय बोलले असते ते साहेबांना ठाऊक आहे.

आम्ही आसनगावहून आगगाडीने आटगावला उतरलो आणि तानशाला चालत गेलो. जिवलीने एवढे पाणी कधी पाहिले नव्हते. पलीकडचा काठ डोंगराला टेकला आहे. तिला पाण्यात पाय घालायचे होते. मी म्हणाले, "नको गो, हे मुंबईवाल्यांच्या पिण्याचं पानी हाय." राखणदार तिथेच उभा होता. तो तोंड फिरवून झाडाकडे बघत राहिला. मग जिवलीने पाय घातले. धरणाजवळच्या बागेत आम्ही भाकरी खाल्ली. तिथल्या मेंदीच्या कुंपणाला कात्री लावायला अनंता पहिल्यांदा शिकला. जिवली कुंपणाच्या कडेकडेने शेवटपर्यंत हात लावत चालत गेली.

तिथून कल्याणवरून नेरळला गेलो, रात्र स्टेशनवर काढली. माथेरानला छोटी गाडी जाते, पण आम्ही गवताचे भारे नेणाऱ्या बायांच्या संगतीने पायवाटेने चढलो. वर सगळी माती तांबडी. आमचे पाय आणि लुगड्याचे काठ तांबडे झाले. साहेब लोक घोड्यावरून फिरत होते. आम्हाला कोणी काही बोलले नाही.

वर तळे आहे. आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिले.

अनंताचा बंगला विचारत गेलो. शेट मुंबईला होता. रखवालदाराची बायको सकुबाई हिने फाटक उघडले. मी अनंताची आई, असे सांगितले. ती बाई जिवलीकडे बघून म्हणाली, "मंग हीच का ती, डोंगरावर पाणी ऱ्हात नाय म्हननारी?" अनंताने ती गोष्ट बंगल्यावरच्या सगळ्यांना सांगितली होती. एखादा माणूस जागेवर दिसला नाही की पाणी भरणारा भिस्तीसुद्धा थट्टेने, तळ्यासारखा वाहून गेला, असे म्हणे, हे सकुबाईने सांगितले. ते ऐकून जिवली हसली. मोठ्याने हसली. हसता हसता तिथेच गुलाबाच्या वाफ्याशी बसली आणि रडू लागली. बराच वेळ रडली. सकुबाईने मला घरात बोलावले, पण मी जिवलीजवळ बसून राहिले. नंतर सकुबाईने चहा दिला. तिच्याकडेच आम्ही वस्तीला राहिलो.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठी जिवली आपणहून बोलली. तिने धोंडीबद्दल विचारले, "आत्या, तो मानूस कसा हाय?" मी म्हणाले, ठाऊक नाही. "तुमी बघितलाय?" म्हणाले, नाही. तिने काही दोष दिला नाही. पण मला वाटले, गाय घ्यायची तर चार घरी चौकशी करतो, आणि ही पोर न बघितलेल्या दारात पाठवायला निघाले. मी म्हणाले, "चल, बघून येऊं. नाय पटला तर घरी जाऊं." ती म्हणाली, "नाय पटला तर गणूदादा ऐकल?" मी म्हणाले, "त्याला मी बघीन."

बांगड्यांबद्दल विचारल्यावरून सांगते की, त्या मी माथेरानच्या बाजारात भरल्या. जिवली नको म्हणत होती. मीच तिचा हात कासाराच्या हातात दिला. रिकाम्या हाताने त्या माणसाच्या दारात ती उभी राहिली असती तर आश्रय मागायला आल्यासारखी दिसली असती. ती मागायला जात नव्हती. बघायला जात होती. कोणी पैसे दिले नाहीत, घेतले नाहीत. यात चूक असेल तर गावकीने मला विचारावे, तिला नको. नेरळ स्टेशनवर गणूच्या गावचा एक इसम भेटला होता, त्याने त्या बघितल्या असतील.

मोटार चुकल्याने रात्र कल्याण स्टेशनवर काढली, दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या मोटारीने गेलो आणि पुढे विचारत धोंडीच्या घरी पोचलो. धोंडी पेंढ्याची उडवी रचत वर उभा होता. मी खालूनच कोण ते सांगितले. तो गडबडून खाली उतरला. डोक्यात पेंढा तसाच. त्याची म्हातारी आई जनाबाई हिने पाय धुवायला पाणी दिले आणि कशाला आलात ते न विचारता चुलीवर भात ठेवला. घर लहान आहे, पण सारवलेले होते. गोठ्यातली गाय अंगाने बरी होती. मी ते बघून घेतले.

मी बोलणार होते, पण जिवलीच बोलली. पदर नीट करून ती त्याला म्हणाली, "माझी आत्या घरात एकटी हाय. मी सनाला तिच्याकडं गेले तर तुमाला चालंल का?"

धोंडी डोक्यातला पेंढा काढू लागला. मला वाटले, झाले. मग तो म्हणाला, "सनाला जा. पन लावणीला बी जायला पायजे. त्यांचं भात कोन लावील? आपलं आटपून दोघं जाऊं." जनाबाई आतून म्हणाली, "मी हाय ना हितं गाईला." यावर जिवलीने माझ्याकडे बघितले. तिला पटल्याचे मला समजले.

आम्ही जेवायला बसलो असता, जिवली नाहीशी झाल्याचे धोंडीला सांगायला गणू त्या गावच्या पोलीस पाटलाला घेऊन आला. दारातून मला बघताच, माझ्या बहिणीला कुठे विकायला काढली, असे ओरडू लागला. धोंडी उठून दारात गेला आणि म्हणाला, "गणूदादा, पाव्हन्या जेवत्यात. तुमी बी बसा." गणूने आत डोकावले. आपणच ठरवलेल्या घरात बहीण जेवत असल्याचे पाहून तो ओटीवर बसला. त्याने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, असे पाटील म्हणाले. जनाबाईने त्यालाही वाढले. तो जेवला. पण फिर्याद कागदावर आली असल्याने आम्हाला इथे आणण्यात आले.

गणूविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्याची बहीण आहे, तो घाबरला. त्याला सांगून जायला हवे होते हे मला कबूल आहे.

जिवलीवर कोणाची जबरदस्ती नाही. ती बाहेर ओसरीवर आहे, तिला वेगळे विचारावे. पाट लावायला माझी संमती आहे. तो माझ्या घरून लागावा, एवढे माझे मागणे आहे. लुगडे मी नेसवीन. गणूने याला मान डोलावली आहे.

यापेक्षा जास्त मला सांगायचे नाही.

वरील मजकूर गुणाबाईस सावकाश वाचून दाखविला. आपण सांगितले तसाच आहे असे ती म्हणाली. मात्र अंगठा करण्यापूर्वी तिने सांगितले की, यात अनंता तापाने वारला एवढेच आले आहे. तो अंगाने उंच होता, घरात शिरताना चौकटीखाली वाकून येई आणि वाकला की हसे, तेही लिहून घ्यावे. तपासाशी त्याचा संबंध नाही असे तिला समजावले. ती बसून राहिली. सबब लिहून घेतले व पुन्हा वाचून दाखविले. आता बरोबर आहे असे म्हणून तिने डाव्या हाताचा अंगठा केला.

समक्ष, जमादार, शहापूर.