पॅक सुकेपर्यंत

— नाही नाही, आता बोलायचं नाही मॅडम, अजिबात नाही! पॅक ओला आहे, गाल हलला की तडकतो, मग उद्या तुम्हीच फोन कराल, बिलकीस, माझ्या तोंडावर ह्या रेघा कसल्या गं. डोळे पण मिटा, गुलाबपाण्याचा कापूस ठेवते — हं, अस्सं. तुमचा फोन माझ्याकडेच आहे, काळजी नको, तो व्हिडिओ परत एकदा बघते म्हटलं. चांगला आहे हो. फारच चांगला आहे. काय म्हणालात मघाशी — आपल्या मस्कतची मुलगी, केवढी मजल मारलीन, युरोपात भर सभेत उभी राहून बोलते आणि ते सगळे मोठे मोठे लोक मान खाली घालून ऐकतात! आज संध्याकाळी तुमच्या महिला मंडळात मोठ्या स्क्रीनवर लावणार, आणि मग अध्यक्ष म्हणून तुम्ही दोन शब्द बोलणार. विषय काय तर ‘मुलींचा आत्मसन्मान’. वा! म्हणून तर फेशियल. चौघी एका गाडीत बसून अल् खुवैरहून आमच्या हमरियात आलात, पार्किंग शोधत गल्लीगल्ली फिरलात. बाहेर सोफ्यावर तुमच्या तिघी मैत्रिणी करक चहा पितायत. हा पडदा तसा पातळच आहे, इकडचं तिकडे जातं, म्हणून मी आपली हळू बोलते.

मला समजावून पण सांगत होतात, इंग्रजी आहे म्हणून. समजतं हो मला. तिकडे शिकायला, कामाला गेलेली ही पोरंपोरी — कुणी काळी, कुणी आमच्यासारखी डोक्यावर ओढणी घेणारी — ह्यांना स्टेशनात म्हणा, बाजारात म्हणा, कुणीही थांबवायचं आणि सगळ्यांच्या देखत बॅग उपडी करायला लावायची. चोरी कुणी केलीय? कुणी नाही. तोंडवळा दिसला, झालं! म्हणून ह्या मुलांनी मिळून संघटना काढली, कायदे करणाऱ्यांच्या दाराशी जाऊन बसली, की बाबांनो, झडती घ्यायची तर आधी कारण सांगा, आडोशाला घ्या, आणि काही नाही सापडलं तर माफी मागा — तोंडाने, तिथल्या तिथे. बस, एवढंच मागणं. आणि मग ती आपली स्वतःची गोष्ट सांगते. शाळेतली पोर, इथे ओमानमध्ये, कुणाच्या तरी वाढदिवसाला गेलेली, आणि घरातल्या आंटीची अंगठी हरवली. पुढचं तुम्ही ऐकलंतच. ऐकता ऐकता तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, टिश्यू मीच दिला ना! आणि म्हणालात, ‘कोण असेल गं ती बाई? असल्या बाईला चारचौघांत उभं करून जाब विचारला पाहिजे.’ म्हणालात की नाही? माझ्या पदरचं एक अक्षर नाही ह्यात.

तर ती मुलगी, अल्फिया — ती माझी. माझ्या पोटची. आणि ती बाई तुम्ही.

हलू नका! पडून राहा. गाऊन मागून बांधलाय, असं उठता नाही यायचं. आणि ते हाताने ‘नाही, नाही’ काय करताय? आठवत नाही? कसं आठवणार! तेव्हा माझं हे दुकान नव्हतं, मी घरोघर जायचे, पिशवीत मेणाचा डबा, दोरा, पट्ट्या. दर महिन्याला तुमच्याकडे. मी तुम्हाला भाभी म्हणायचे आणि तुम्ही मला पार्लरवाली. ‘अगं अंतरा, दार उघड, पार्लरवाली आली.’ नाव कधी विचारलं नाहीत. त्या दिवशी तुमच्या लेकीचा, अंतराचा वाढदिवस, तुम्हाला पाहुणे यायच्या आत हात करून हवे होते, माझ्या पोरीला सोडायला कुणी नाही, म्हणून शाळेतून थेट तुमच्याकडे घेऊन आले. किचनमध्ये बसव म्हणालात, बसवली. अंतराच तिला बोलवायला आली, चल ना खेळायला. काय हरखली हो माझी पोर! कागदाची टोपी घातली, मुलांच्या रांगेत ताट घेऊन बसली — आणि तुम्ही ओरडत बाहेर आलात, माझी हिऱ्याची अंगठी कुठाय? घर भरलेलं पोरांनी, त्यांच्या आयांनी. बोट कुणाकडे गेलं? सरळ तिच्याकडे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! भरल्या ताटावरून उठवलंत तिला. दप्तर उपडं केलंत, तिथेच, केकच्या टेबलावर — वह्या पडल्या, डब्यातली उरलेली चपाती पडली, पोरं खिदळली. खिसे उलटे केलेत. मोजे काढायला लावलेत. मी सकाळी घातलेल्या वेण्या सोडून केस झटकलेत, केसांत लपवली असेल म्हणून! ती म्हणत होती, मी नाही घेतली आंटी. रडली नाही. ती कागदाची टोपी खाली पडली होती आणि कुणीतरी तिच्यावर पाय दिला.

मी? मी तिथेच, बेडरूमच्या दारात, हातात मेणाचा डबा. कढत. ओतता आला असता! अजूनसुद्धा कधी झोप लागत नाही तेव्हा मी तो डबा ओतते तुमच्या अंगावर, सावकाश, धार धरून. तेव्हा नाही ओतला. माझा महमूद तुमच्या साहेबांच्या कंपनीत ड्रायव्हर, धनेशसाहेबांनी नुसतं हूं केलं असतं तरी व्हिसा खलास, बाडबिस्तरा उचलून रत्नागिरीला परत. तुम्हाला ठाऊक होतं ते. म्हणून तर दुसऱ्या कुणाच्या पोराला हात नाही लावलात.

आणि अंगठी कुठे निघाली? इडलीत! पीठ कालवताना बोटातून गळलेली, सकाळी साहेबांच्या दाताखाली आली. मला कुणी सांगितलं? तुम्हीच की! फोन केलात, ‘अगं, तुला एक गंमत सांगते.’ गंमत! हसू आवरत नव्हतं तुम्हाला. आणि वर म्हणालात, ‘गुरुवारी ये हं, पायसुद्धा करायचेत.’ मी साहेबांच्या दाताचं विचारलं, जास्त नाही ना लागलं. तुम्ही माझ्या पोरीचं विचारलं नाहीत. आले ना मी गुरुवारी. पाय केले तुमचे.

मग तुम्ही पुण्याला गेलात, मी म्हटलं, गेली बला. आणि ह्या उन्हाळ्यात परत मस्कतला, दार ढकलून आत! मानेवरचा हा तीळ — भुवया करता करता माझा दोरा हातातच थांबला. म्हटलं आता ओळखतील, आता म्हणतील, अगं तू ती ना? कशी आहे तुझी मुलगी? तर तुम्ही काय म्हणालात, हात हलका आहे गं तुझा. परत आलात, परत मी वाट बघितली. मी काय विसरण्यासारखी आहे हो? मी अल्फियाला फोन लावला, म्हटलं ती बाई माझ्या खुर्चीत येऊन बसते, काय करू तिचं? तर म्हणते, ‘अम्मी, मी कधीच माफ केलंय तिला, तू पण सोडून दे.’ माफ केलंय! तिने तिचं केलं, माझं कोण करणार? ती तिकडे सगळ्या दुनियेच्या अब्रूसाठी भांडते, तुमच्यासुद्धा — नाव घेतलं नाही तुमचं, बघितलंत ना? मला म्हणाली, नाव घेतलं तर आपण पण तेच केलं ना, सगळ्यांसमोर उभं केलं. शिकलेली आहे, मोठ्या मनाची आहे. मी नाही. मला नाही जमत. मला हिशेब चुकता हवा.

आणि एक सांगू — त्या सभेत ती म्हणते, ‘त्या खोलीत मी एकटी होते.’ एकटी कशी? मी होते ना. कितीदा लावून बघितला मी तो व्हिडिओ, मला वाटतं आता म्हणेल, आता म्हणेल — नाही. मला घेतच नाही ती गोष्टीत. माझी लाज राखली असेल. हो, तसंच असणार, माझी पोर आहे... ते राहू दे, तो आमचा घरचा मामला. तुम्ही नका त्यात पडू.

आता नीट ऐका. तुमची पर्स त्या खुंटीला आहे, आणि तिच्या आत माझी अंगठी आहे. मी टाकलीय. मी आता हा पडदा सर्रकन ओढणार आणि बोंब ठोकणार, अगं बाई, माझी अंगठी गेली! पर्स घेऊन बाहेर जाणार आणि चहाच्या टेबलावर उपडी करणार, तुमच्या मैत्रिणीच्या, ऋचा मॅडमच्या समोर. त्यांच्या हातात मोबाईल असतोच, लगेच शूटिंग. आणि तुम्ही ह्या अशा, गाऊनवर, डोक्याला पट्टा, तोंडाला मुलतानी माती. मी नाही घेतली म्हणाल. ती पण तेच म्हणत होती! कोण विश्वास ठेवेल तुमच्यावर? ठेवतील थोडा वेळ. मग घरी जाताना गाडीत कुणी बोलणार नाही, आणि पुढच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीचं लक्ष तुमच्या हाताकडे. जन्मभर.

का हो, गाऊनची गाठ कशाला चाचपताय? ओरडा ना, पडद्याच्या पलीकडेच आहेत सगळ्या. — नाही ना? मग दुसरा रस्ता आहे. माझ्या पोरीने मागितलाय तसा, आडोशाने. मंडळाच्या ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही तिचा व्हिडिओ टाकलात ना, ‘आपल्या मस्कतचा अभिमान’ म्हणून, त्याच्या खालीच बोलायचं. व्हॉइस मेसेज. टाइप करून नाही चालणार, उद्या म्हणाल फोन कुणीतरी घेतला होता. तुमच्या तोंडाने, तुमच्या आवाजात. ती आंटी मी आहे. अंगठी माझ्याच इडलीत निघाली. मी त्या पोरीची माफी मागते. तिचं नाव घेऊन, अल्फिया म्हणून. बस. पडदा लावलेलाच राहील, पर्सला कुणी हात लावणार नाही. कुठलं हवं ते तुम्ही ठरवा, मी जबरदस्ती नाही करत! यल्ला, लवकर, पॅक सुकत आला.

हं. शहाण्या आहात. बटन मी दाबून धरते. बोला आता — तडकू दे पॅक, तडकू दे.

...

इडलीचं पण सांगा.

...

थांबा, सोडत नाही मी अजून. एक वाक्य राहिलं. म्हणा, तिची आई तिथेच दारात उभी होती. — का म्हणजे? होते म्हणून! काही बोलली नाही, असं पण म्हणा. म्हणा हो! सगळं खरं यायला हवं त्यात, अर्धं नको.

...

हं. गेलं.

ऐकलंत? टुंग. तो ऋचा मॅडमचा मोबाईल. हा दुसरीचा. हा तिसरीचा. आता ऐकतायत बघा — कप खाली ठेवले. हसणं बंद झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मस्कतभर जाईल, उद्या फिरत फिरत ब्रसेल्सला, अल्फियाकडे पोचेल. पोचू दे. रागावेल माझ्यावर, फोन करेल. करेल ना?

कापूस काढते. डोळे चोळू नका, माती जाईल आत, बेसिन त्या बाजूला आहे. — अंगठी? ही काय माझ्या बोटात! किती वर्षांत निघालेली नाही ती, बोटच सुजलंय. पर्समध्ये काही नव्हतं मॅडम. काहीच नव्हतं. कसं वाटलं? नाही, मला नका सॉरी म्हणू, मला नकोय ते. उठा आता, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय.

पडदा? तो मी नाही उघडणार. तुम्ही उघडा.