रोझाबाईंचं झाड

गंगापूर रोडच्या माझ्या चित्रकलेच्या क्लासात सगळे विचारतात, "सर, ब्राझीलचं जंगल कसं होतं?" त्यांना काहीतरी गोड सांगतो. तुम्हाला म्हणून खरं सांगतो. एका कलासंस्थेच्या बोलावण्यावरून देशोदेशीचे आम्ही आठ चित्रकार तिथे महिनाभर राहिलो. विषय होता, जंगल आणि माणसं. आम्हाला रांधून घालायच्या त्या रोझाबाई. त्यांच्या घरामागे एक अवाढव्य झाड होतं. मी रोज त्याचंच चित्र काढत बसायचो.

एकदा रोझाबाई आमच्या दुभाषी मुलीला घेऊनच आल्या. म्हणाल्या, "नव्या रस्त्यात हे झाड जाणार आहे. तुम्ही सगळ्या पाहुण्यांनी सह्या करून सरकारला पत्र दिलं, तर ऐकतील."

आमची बैठक झाली. संस्थेचे संयोजक म्हणाले, "आपण कलाकार. आपला निषेध कलेतूनच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील, अशी आशा होती ना!

शेवटच्या आठवड्यात झाड पाडलं. प्रदर्शनाला रोझाबाई आल्या, माझ्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला द्याल?"

मी म्हणालो, "करारानुसार चित्र संस्थेचं आहे हो."

त्या हसल्या. "म्हणजे झाड रस्त्याला गेलं आणि चित्र तुम्हा लोकांना."

दुभाषी मुलीने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने इंग्रजीत सांगितलं. मला मान वर करवेना. तर संयोजक म्हणाले, "वा, काय बोलल्या! हे कॅटलॉगमध्ये घ्या."

घेतलंय. माझ्या चित्राखालीच छापलंय.