गुरुवारी सकाळी ८.१० वाजता मी कुठे होतो

मी, शुभंकर जयसिंग ढमढेरे, वय ४१ वर्षे, व्यवसाय रेडिओवर निवेदक, रा. सदाशिव पेठ, पुणे. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. चार वर्षांपासून रोज सकाळी सात ते दहा 'उठा पुणेकर' हा थेट कार्यक्रम सादर करतो. तो आदल्या दुपारी ध्वनिमुद्रित केलेला असतो. प्रसारणाच्या वेळी मी झोपलेलो असतो. जिवंतपणा यावा म्हणून बोलताना मधूनमधून कपबशी वाजवतो. कपात चहा नसतो.

काल गुरुवारी दाढ दुखून जाग आली. येरवड्यात एक दातांचे डॉक्टर लवकर बसतात म्हणून स्कूटरवरून निघालो. ८.१० वाजता गाडीतळाजवळ सिग्नल लाल असल्याने थांबलो. मागून आलेला टेम्पो न थांबता पुढे गेला व शेवग्याच्या शेंगांची पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या सरुबाईंना धडकला. त्यांचा उजवा पाय मोडला. मी त्यांना उचलत असताना टेम्पोतल्या रेडिओवर मी म्हणत होतो, "खिडकीतून बघतोय, रस्ते मोकळे आहेत, बिनधास्त निघा." स्टुडिओला खिडकी नाही.

टेम्पोचालक पृथ्वीराज यांचे म्हणणे, सिग्नल हिरवा होता. पाहणारा माझ्याशिवाय कोणी नाही. माझ्याबद्दल ते आपणांस म्हणाले, "साहेब, हा तिथं नव्हताच. त्या टायमाला मी ह्यालाच ऐकत होतो की!"

रुग्णालयात सरुबाईही म्हणाल्या, "ते कसं असतील? ते तवा रेडिओवर होते. मला उचललं तो बारीक आवाजाचा होता, आन् रडत होता." वर्णन बरोबर आहे.

आज दुपारी आमच्या केंद्रप्रमुख तनुजा मॅडम यांचा फोन आला. "जबाब दे ना, नको कोण म्हणतंय? फक्त अपघात दहानंतर झाला म्हण. कार्यक्रम लाइव्ह नसतो हे बाहेर गेलं, तर तू घरी." वेळ खोटी सांगणे हाच माझा व्यवसाय असल्याने सूचना अवघड वाटली नाही. परंतु सरुबाईंना रुग्णालयात दाखल केल्याची नोंद ८.४० ची आहे. दहानंतरचा साक्षीदार त्यांच्या उपयोगाचा नाही.

तरी अपघात ८.१० वाजता झाला. सिग्नल लाल होता. मी तिथे होतो, रेडिओवर नव्हतो.

उद्याचा कार्यक्रम मुद्रित झाला आहे. त्यात आज फार प्रसन्न वाटतंय, असे मी म्हणतो. ते पुरावा म्हणून धरू नये.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला व मी शेवटपर्यंत ऐकला. बोलणे माझेच आहे, खरे आहे.

सही/-