डबा कुठंय?

...आणि वर तो विजेचा मिस्त्री मलाच विचारतो, "डबा कुठंय?" अरे बाबा, ते मला माहीत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? भिंतीत तारा जिथं जोडतात तो डबा हो! तुम्हाला सांगतो, सगळ्या निश शहरात एवढी साधी गोष्ट माझं एवढं वाटोळं करील असं वाटलं नव्हतं!

आता चूक कुणाची? माझी? बरं, माझी! उन्हाळ्यात बैठकीची खोली नवी केली, तेव्हा डबा आणायला मीच गेलो. दुकानातली बाई म्हणजे वकीलच! "आत किती तारा येणार? भिंत विटेची का पोकळ? ओल आहे? गोल देऊ का चौकोनी?" मी म्हटलं, "ताई, सगळ्यात लहान द्या, दिसायला नको." तर म्हणते, "काका, डबा दिसण्यावर नाही घेत, तारांवर घेतात. कोंबाल तर तापेल. आणि झाकण बुजवू नका हं!"

मी ऐकतोय होय? पाच ठिकाणच्या तारा कोंबल्या, वर पुट्टी, वर फुलाफुलांचा कागद... अशी भिंत झाली की माझी बायको रादोयका चक्क माझं कौतुक करत सुटली! लग्नानंतर पहिल्यांदा!

मग डिसेंबरात आला आमच्या घरच्या संताचा, संत निकोलाचा दिवस. त्या दिवशी बोलावणं कुणालाच नसतं, म्हणजे येतात सगळेच. तीस माणसं! आणि चारलाच अंधार. रादोयकानं मठातून संताची नवी तसबीर आणलेली, ही एवढी! आमच्यात तसबीर पूर्वेच्याच भिंतीवर लावायची, तिकडं वळूनच हात जोडायचे. मोठी तसबीर म्हणून मोठा खिळा. ठोकला... ठाप्! दिवे गेले. मुख्य बटण वर केलं, पुन्हा पडलं. आता खिळ्याचा नि दिव्यांचा काय संबंध? योगायोग!

"अंधारात बसवलंस ना माझ्या भावांना," रादोयका म्हणाली, "तर माझ्या माहेरी तुझं नाव नातवंडांपर्यंत निघेल!"

मिस्त्री विदोये आला. दारातच, "डबा कुठंय?" कॉफी दिली. "डबा कुठंय?" राकिया, आमची फळांची दारू, दिली. प्याला, मिशा पुसल्या... "डबा कुठंय?" म्हटलं, "भिंतीत!" "कुठल्या?" आता काय सांगू? मग डॉक्टर छाती ठोकून बघतो तसा टकटक करत फिरला, कागदाला भोकं पाडत. दर भोकाला रादोयका भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघायची!

शेवटी तसबिरीपुढं आला. छातीवर क्रूसाची खूण केली, तसबीर उतरवली, खिळा पाहिला, मग मला पाहिलं. "काका, एवढी खोली सोडून बरोब्बर डब्यात? नेम आहे हं तुमचा!"

नवा डबा बसवला, ताटाएवढा. फुलांच्या मधोमध पांढरंफटक झाकण! "यावर कागद नाही, खिळा तर नाहीच." साडेतीनला दिवे लागले. पण तसबीर? पूर्वेच्या भिंतीवर बाकी सगळी खिडकीच! ठेवली कपाटावर, गव्हाच्या प्रसादामागं.

पहिला आला स्तानिमिर, आमच्या लग्नाचा साक्षीदार, म्हणजे घरातला सगळ्यात मानाचा पाहुणा. चष्मा घरी विसरलेला. सवयीनं पूर्वेकडे वळला, टोपी काढली आणि त्या झाकणापुढं तीनदा क्रूस! मागून रादोयकाचे भाऊ, मग वहिन्या, मग शेजारी... रांगच लागली हो! मी तोंड उघडणार, तर रादोयकानं डोळे वटारले.

मी काय करणार? मीही रांगेत लागलो, क्रूस केला. म्हटलं, घरात उजेड आहे तो याच्याच कृपेनं. आणि आता निदान तीस माणसांना ठाऊक आहे... डबा कुठंय!