स्मरणशक्तीचं औषध आणि माझा डबा

...नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा, पण त्या उंदरांना कशाला नावं ठेवता? उंदीर बिचारे इमानदार होते हो, बेइमान निघालो तो मी, वर्सोव्याचा रामनाथ, कोळ्याच्या पोटी जन्मून ज्याला बोट लागते तो... ही पहिली लाज, आणि तिच्यापायी दर्या सोडून अंधेरीच्या एका औषधाच्या कारखान्यात उंदरांचं दाणापाणी बघायला लागलो. ही एकाहत्तर सालची गोष्ट, चार वर्षं झाली.

तिथं आमचे विद्याधर डॉक्टर माणसाची स्मरणशक्ती वाढवायचं औषध काढत होते. माणसाला द्यायच्या आधी उंदरांना. चाळीस पांढरे उंदीर, विसांना औषध, विसांना नुसतं पाणी, आणि लाकडी फळ्यांचा एक भूलभुलैया, ह्या टोकाला उंदीर सोडायचा, त्या टोकाला चणा, आणि वाट कोण लक्षात ठेवतो ते घड्याळ लावून बघायचं. औषधवाले सकाळी, पाणीवाले दुपारी, जेवणानंतर. तुम्हाला सांगतो, औषधवाले असे सुटायचे की डॉक्टर खुर्चीवरून उठून उभे राहायचे! पाणीवाले कोपऱ्याकोपऱ्यात डोकं आपटत बसायचे. डॉक्टर म्हणाले, रामनाथ, तुझा हातगुण चांगला आहे रे. मी आपला फुगलो.

फक्त सोमवारी काय व्हायचं कोण जाणे, औषधवालेही वाट चुकायचे. डॉक्टरांनी वहीत लिहिलं, रविवारच्या सुटीनंतर स्मरणशक्ती मंदावते. मला पटलं, माझीही मंदावते. पण तिसऱ्या सोमवारी सात नंबरचा उंदीर धडपडत पोचला, चण्याला तोंड लावलं नाही, मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि वर भिंतीवरच्या खिळ्याकडे नाक करून बसला. खिळा रिकामा. अहो, त्या खिळ्याला मी माझा डबा टांगायचो! डब्यात रोज आमच्या बायकोनं, सगुणानं, भाजून दिलेले सुके बोंबील. सोमवारी माझा उपास, म्हणून डबा नाही. आणि एरवी दुपारी, पाणीवाल्यांच्या पाळीला, डबा खाऊन, धुऊन, पिशवीत. म्हणजे कसली स्मरणशक्ती आणि कसलं काय... वीसच्या वीस उंदीर सगुणाच्या बोंबलामागे पळत होते!

सगुणाला सांगितलं, तर म्हणते, ‘मंग सांग ना साहेबाला. तोंडात काय बोंबील हाय?’ सांगणारच होतो, देवाशपथ. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरच जवळ येऊन बसले. म्हणाले, ‘रामनाथ, आता औषध आईला देणार. दोन वर्षं झाली, मला विचारते, तुम्ही कोण?’

आता सांगा, त्या माणसाच्या तोंडावर डबा आपटायचा कसा? मी गप्प. लाज वाटते हो, त्या गप्प बसण्याची आजही लाज वाटते.

वर सकाळी कामावर येताना आईंकडे औषध पोचवायचं काम माझ्याकडेच. आई मालवणकडच्या, लेकाला सुक्या बोंबलांवर वाढवलेल्या, आणि सून पक्की शाकाहारी, घरात मच्छीचं नावसुद्धा नाही. एका हातात बाटली, एका हातात डबा, सोमवारी नुसती बाटली, असा मी सात दिवस गेलो. आठव्या दिवशी आईंनी मान वर केली, नाक फुलवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘इलंस काय रे विद्या?’

मागे डॉक्टर उभे. रडायलाच लागले. दोन वर्षांनी माझं नाव आठवलं, म्हणाले, औषध चाललं, रामनाथ, आज नाव आठवलं, उद्या चेहराही आठवेल.

तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. भडाभडा सगळं सांगितलं, खिळा, उपास, सात नंबर, सगळं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, उद्या डबा आणू नकोस.

नाही आणला. आईंनी आम्हा दोघांनाही विचारलं, तुम्ही कोण? तिसऱ्या दिवशी औषध बंद केलं आणि डबा नेला, तर पुन्हा ‘विद्या’... मलाच! मग डॉक्टरांनी माझा डबा स्वतःच्या हातात घेतला, आणि कोट-पँट-टायसकट आईसमोर जाऊन उभे राहिले. आईंनी डबा घेतला, म्हणाल्या, ‘बसा हो पाहुणे. आमचो विद्या येतलोच इतक्यात.’

डॉक्टरांनी दोन वर्षांच्या वह्या कपाटात टाकल्या आणि किल्ली माझ्याकडे दिली. मला वाटलं, आता नोकरी गेली. तर म्हणाले, रामनाथ, रोज सकाळी जात जा, निदान कुणाला तरी ओळखते.

म्हणून जातो. डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाहुण्यासारखे बसून बघत असतात. आई माझ्या तोंडावरून हात फिरवतात, विचारतात, ‘विद्या, जेवलंस मां रे?’ आणि मी? मी गप्प. मान हलवतो, आणि डबा उघडतो.